व्हिजन प्लॅन घ्यावेत की नाहीत : अमेरिकेत चष्म्याचे दुकान काढू पाहणाऱ्यांसाठी

मध्य न्यू जर्सीत माझे चष्म्याचे छोटे दुकान आहे. या व्यवसायात उतरू पाहणारे मराठी तरुण भेटले की जागेच्या भाड्यानंतर हमखास विचारतात, ‘व्हिजन प्लॅन घ्यायचे का?’ भारतात चष्मा बहुतेक जण खिशातल्या पैशाने करतात, त्यामुळे तिथून शिकून आलेल्यांना हा प्रकार नवा असतो, आणि फलकावर चार-पाच योजनांची नावे झळकली की गिऱ्हाईक आपोआप येईल असे त्यांना वाटते. गिऱ्हाईक येते, यात शंका नाही. मात्र त्या गिऱ्हाइकामागे दुकानात काय उरते, याचा हिशेब सही करण्याआधी मांडायला हवा.

व्हिजन प्लॅन नावाने विमा असला तरी व्यवहारात ती आगाऊ पैसे भरून घेतलेली सवलत असते. नोकरदाराच्या पगारातून दरमहा थोडे डॉलर कापले जातात आणि त्या बदल्यात बहुधा वर्षाला एकदा नेत्रतपासणी, भिंगे आणि फ्रेमसाठी ठरावीक रकमेची मर्यादा मिळते. मोतीबिंदू, काचबिंदू यांसारख्या आजारांचा उपचार वैद्यकीय विम्याकडे जातो.

या योजना चालवणारे कोण आहेत, हे पाहिले की दरांचे गणित उमगते. व्हीएसपी या योजनेची सुरुवात 1955 मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या काही ऑप्टोमेट्रिस्टांनी, म्हणजे डोळे तपासून नंबर देणाऱ्यांनी, केली. आज मार्शॉन ही फ्रेमची कंपनी आणि व्हिजनवर्क्स ही दुकानांची साखळी तिच्याच समूहात आहे. आयमेड ही योजना एसिलोरलुक्सॉटिकाची, म्हणजे रे-बॅन आणि लेन्सक्राफ्टर्सच्या मालकांची. डेव्हिस व्हिजन आणि सुपीरिअर व्हिजन या योजना 2020 च्या अखेरीस मेटलाइफ या विमा कंपनीकडे गेल्या. तुमचा दर ठरवणारी कंपनीच पलीकडच्या रस्त्यावर तुमच्याशी स्पर्धा करणारे दुकान चालवत असेल, तर तो दर तुमच्या सोयीचा असेल अशी अपेक्षा धरणे भाबडेपणाचे आहे.

आता एक नमुना हिशेब पाहू. यातले आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा, 60 डॉलरला घेतलेली फ्रेम तुम्ही 180 ला विकता आणि 50 डॉलरला पडणारी कोटिंगसह भिंगे 200 ला. रोखीच्या गिऱ्हाइकामागे 270 डॉलर उरतात. तोच चष्मा प्लॅनवर केला, तर फ्रेमची मर्यादा 150 असल्याने वरच्या 30 डॉलरवर 20 टक्के सूट देऊन गिऱ्हाइकाकडून 24 घ्यायचे, कोपेचे (गिऱ्हाइकाने स्वतः भरायच्या ठरावीक वाट्याचे) 25 आणि कोटिंगचे ठरलेले 45, एकूण 94. कोपे वजा जाता योजना तुम्हाला 85 देते. भिंगे तिच्याच लॅबमध्ये होतात आणि कोटिंगपोटी तुमच्याकडून 20 डॉलर कापले जातात. फ्रेमची खरेदी आणि हे 20 वजा केले की हाती 99 डॉलर राहतात.

इथे बहुतेक जण थांबतात आणि ‘काहीच नसण्यापेक्षा 99 बरे’ असे म्हणतात. पुढची पायरी वेळेची आहे. भाडे, पगार आणि वीज मिळून महिन्याला 12,000 डॉलर खर्च असेल आणि दुकान 200 तास उघडे असेल, तर दर तासाला 60 डॉलर उभ्या उभ्या खर्च होतात. पात्रता तपासणे, मंजुरीचा क्रमांक काढणे, मापे घेणे, चष्मा चेहऱ्यावर बसवून देणे आणि क्लेम भरणे यांत दीड तास गेला, तर 99 मधले 90 संपले. शिवाय प्रोग्रेसिव्ह (दूरचे आणि जवळचे नंबर एकातच असलेल्या) भिंगांचे काम असेल, तर दुसरेच दुखणे. फ्रेममधल्या डेमो काचेवर बुबुळासमोर पेनाने खूण करून तुम्ही उंची 19 मिलिमीटर लिहिता, फ्रेम कुरिअरने लांबच्या लॅबला जाते आणि भिंगे 17 वर बसून येतात. लॅब ती फुकट बदलून देते. पण दहा दिवस थांबलेल्या गिऱ्हाइकाची बोलणी दुकानदारालाच खावी लागतात.

म्हणून माझे मत असे आहे की निर्णय रिकाम्या तासांवरून करावा. नव्या दुकानात दिवसाचे निम्मे तास रिकामे जातात, तेव्हा ते 9 डॉलरही चालतात आणि ओळखी वाढतात. दुकान भरू लागले की प्लॅनचा प्रत्येक चष्मा रोखीच्या चष्म्याची जागा अडवतो. सुरुवात करायची, तर पाच मैलांच्या परिसरातल्या मोठ्या नोकरदात्यांकडे कोणती योजना आहे ते विचारून तेवढी एकच घ्यावी. ऑप्टोमेट्रिस्ट नसलेल्या दुकानाला काही योजना नेटवर्कमध्ये, म्हणजे करार केलेल्या दुकानांच्या यादीत, घेतच नाहीत, हेही आधी पाहावे.

नेटवर्कबाहेर राहूनही प्लॅनधारक गिऱ्हाईक सांभाळता येते. तपशीलवार पावती द्यावी. ज्या योजनेत नेटवर्कबाहेरचा परतावा आहे तिथे गिऱ्हाईक स्वतः क्लेम करते, आणि आमच्याकडे तो फॉर्म आम्हीच भरून देतो, कारण पाच मिनिटांचे ते काम गिऱ्हाइकाला डोंगराएवढे वाटते. एफएसए आणि एचएसए या आरोग्यखर्चासाठीच्या करमुक्त खात्यांतले पैसे चष्म्याला चालतात, आणि एफएसएतले पैसे बहुधा वर्षअखेरीपर्यंत वापरावे लागतात, त्यामुळे एफएसएवाल्यांची डिसेंबरात गर्दी होते. शिवाय तपासणीनंतर मागितले नाही तरी नंबराचा कागद हाती देणे 1978 च्या संघराज्यीय नियमापासून डॉक्टरांवर बंधनकारक आहे. स्वतंत्र ऑप्टिशियनचा, म्हणजे नंबरावरून चष्मा बनवून देणाऱ्याचा, धंदा उभा आहे तो त्या कागदावरच.

आपल्या लोकांबाबत एक निरीक्षण. आयटीतले पुष्कळ जण प्लॅन असूनही चष्मा पुण्या-मुंबईच्या फेरीत करून आणतात, आणि तिथल्या किमतींशी झुंजण्यात अर्थ नाही. याउलट मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांकडे प्लॅन नसतो. बसताना काडी मोडली किंवा नोजपॅड हरवले, की ते तुमच्याच दारात येतात. त्यांची दुरुस्ती चोख केली की पुढे घरातल्या सगळ्यांचे चष्मे येतात, तेही रोखीने.

शेवटी करारातली दोन कलमे नीट वाचा. एक, योजनेत न बसणाऱ्या वस्तूंवरही सूट देण्याचे बंधन आहे का. काही राज्यांत अशा अटींवर कायद्याने मर्यादा आहेत. दुसरे, बाहेर पडताना किती दिवस आधी कळवायचे आणि मंजूर झालेल्या कामांचे काय होणार. आणि गावातल्या दुकानदारांनी एकत्र येऊन ‘ही योजना कोणीच घेऊ नये’ असे ठरवू नये: संगनमताने स्पर्धा रोखण्याविरुद्धच्या 1890 च्या शेर्मन कायद्याखाली तो सामूहिक बहिष्कार ठरू शकतो. बाहेर पडायचे, तर आपला हिशेब मांडून एकट्यानेच पडावे, आणि योजनांची नूतनीकरणे बहुधा जानेवारीत होत असल्याने गिऱ्हाइकांना तसे शरद ऋतूतच कळवावे.