‘डिफर’ दिसला की आधी ‘काय?’ विचारा

बँकांची पत्रं, विम्याच्या पॉलिसी आणि कोर्टाचे निकाल मराठीत आणणं हा माझा धंदा. या तिन्ही ठिकाणी हमखास भेटणारं क्रियापद म्हणजे डिफर. स्पेलिंग डी-ई-एफ-ई-आर, एफ एकच. कर्जाचा हप्ता डिफर होतो आणि न्यायाधीशही डिफर करतात. पण हप्ता पुढे ढकलला जातो आणि न्यायाधीश दुसऱ्या कुणाच्या मताला मान देतात. शब्दकोशात दोन्ही अर्थ दिलेले असतात, समोरच्या वाक्याला त्यातला कुठला लागू ते आपलं आपण ठरवायचं.

माझी रीत साधी आहे. वाक्याला आधी ‘काय?’ विचारायचं. काय डिफर केलं? हप्ता, निर्णय, परीक्षा, प्रवेश असं काही उत्तर मिळालं तर अर्थ लांबणीवर टाकणं. उत्तरच मिळालं नाही, आणि क्रियापदाला चिकटून ‘टू’ आणि त्यामागे माणूस, संस्था किंवा कुणाचं मत आलं, तर अर्थ मान देणं. ‘द बोर्ड डिफर्ड द डिसिजन’ म्हणजे मंडळाने निर्णय लांबणीवर टाकला. ‘द बोर्ड डिफर्ड टू द चेअरमन’ म्हणजे मंडळाने अध्यक्षांचा शब्द मानला.

नुसत्या ‘टू’वर विसंबू नका. ‘डिफर्ड द डिसिजन टू मंडे’ यातही ‘टू’ आहे, पण ‘काय?’चं उत्तर त्याआधीच येऊन गेलंय, आणि सोमवारचा मान राखायची पद्धत निदान ऑफिसात तरी नाही. स्वतः लिहितानाही हे उपयोगी पडतं. पैसे भरणं लांबवायचं असेल तर ‘डिफर पेइंग’ किंवा ‘डिफर पेमेंट’ लिहायचं. ‘डिफर टू पे’ हे इंग्रजीत चालत नाही.

एका शब्दाला दोन अर्थ फुटले असं वाटेल, पण झालंय उलटं. हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. लॅटिनमध्ये ‘फेर्रे’ म्हणजे वाहून नेणे. त्याला ‘डिस’ लागून ‘डिफेर्रे’ झालं: इकडेतिकडे नेणे, पांगवणे, आणि त्यावरून पुढे ढकलणे. ‘डे’ लागून ‘देफेर्रे’ झालं: खाली नेणे, नेऊन पोचवणे, एखादं प्रकरण दुसऱ्यापुढे ठेवणे. दोन्ही फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले, पुढे ढकलणारा चौदाव्या शतकाच्या अखेरीस आणि दुसरा पंधराव्या शतकात, आणि येता येता एकसारखे दिसायला लागले. दुसऱ्याचा प्रवास लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी प्रकरण थोरामोठ्यांपुढे नेऊन ठेवायचं, मग ते म्हणतील ते मान्य करायचं.

गंमत पुढेच आहे. मतभेदाचा डिफर, तो दोन एफवाला, हा पुढे ढकलणाऱ्या डिफरचा सख्खा भाऊ. दोघेही ‘डिफेर्रे’ची मुलं. इंग्रजीने नंतर त्यांची वाटणी केली आणि आघात, म्हणजे उच्चारातला जोर, बदलून दिले. आणि ‘फेर्रे’ आपल्याला परका नाही. संस्कृतातला ‘भृ’ धातू त्याचाच नातेवाईक, ज्यातून आपला ‘भार’ आला. ‘फेर्रे’चं भूतकाळी रूप भलतंच वेगळं, ‘लातुस’. त्यातून ‘डिलेटरी’ निघाला. विरोधी वकिलाच्या ‘डिलेटरी टॅक्टिक्स’ असं निकालात आलं की मी सरळ ‘चालढकल’ लिहिते.

आता पुढे ढकलण्याबद्दल. इथे सांभाळायची गोष्ट एकच: डिफर म्हणजे माफ नव्हे. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची मुभा दिली, ती पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. त्या दिवसांत ओळखीतले कितीतरी लोक खुशीत होते, सहा महिने हप्ता नाही म्हणून. हप्ता नव्हता हे खरंच, पण व्याजाचं मीटर चालूच होतं. म्हणून अशा पत्रात ‘सूट’ किंवा ‘सवलत’ लिहायला माझा हात धजत नाही. ‘हप्ते पुढे ढकलले आहेत, व्याज आकारलं जाईल’ असं लिहिलं की वाचणारा फसत नाही. सरकारी मराठीतला ‘आस्थगित’ मी शक्यतो टाळते. तो वाचून सामान्य माणूस फक्त घाबरतो. ‘तहकूब’ सभेला आणि सुनावणीला शोभतो, हप्त्याला नाही. ‘स्थगिती’ तर वेगळीच. ती चालू गोष्ट थांबवते.

ताळेबंदात ‘डिफर्ड टॅक्स’ दिसतो, तोही याच जातीचा. कंपनीने दहा लाखांचं यंत्र घेतलं. आयकराच्या हिशोबात पहिल्या वर्षी १५ टक्के, म्हणजे दीड लाख घसारा (यंत्राच्या झिजेपोटी नफ्यातून होणारी वजावट) मिळाला. कंपनीने आपल्या वह्यांत यंत्राचं आयुष्य दहा वर्षं धरून एकच लाख दाखवला. वरच्या पन्नास हजारांवर आज कर लागला नाही, पण पुढच्या वर्षांत तो द्यावा लागणारच. कराचा दर २५ टक्के धरला तर १२,५०० रुपये ‘डिफर्ड टॅक्स लायबिलिटी’ म्हणून मांडून ठेवायचे. करचुकवेगिरीशी त्याचा काही संबंध नाही.

दुसऱ्या अर्थाचं नाम ‘डेफरन्स’. पुढे ढकलण्याची नामं ‘डिफरल’ आणि ‘डिफरमेंट’. ही अदलाबदल करायची नाही. डेफरन्सचं मराठी करताना हात जास्त अडतो, कारण त्यात सहमती असेलच असं नाही. आमच्याकडे लोणच्यात मीठ किती हे मी सासूबाईंवर सोडते. मला ते जास्त वाटतं, पण त्यांचा हात बसलेला आहे. हा डेफरन्स. ‘शरण जाणे’ त्याला फार जड होतं, ‘आज्ञा पाळणे’ चुकीचं. ‘नमतं घेणे’ जवळचं आहे, पण त्यात हरल्याचा वास येतो. ‘शब्दाला मान देणे’, ‘त्यांच्यावर सोडणे’, आणि ‘इन डेफरन्स टू’ला ‘शब्दाखातर’ किंवा ‘भावनांचा मान राखून’, एवढ्यात बहुतेक काम भागतं.

क्रिकेटमधला ‘अंपायर्स कॉल’ हे याचं चोख उदाहरण. पायचीतच्या रिव्ह्यूमध्ये चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्ट्यांना लागताना दिसला, तर मैदानावरच्या पंचाने दिलेला निर्णयच कायम राहतो. तंत्र हाताशी असूनही माणसाच्या शब्दाला मान. कायद्यातलं नावाजलेलं उदाहरण अमेरिकेचं. तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९८४ साली शेवरॉन खटल्यात ठरवलं की कायद्याची भाषा संदिग्ध असेल आणि तो राबवणाऱ्या सरकारी खात्याने लावलेला अर्थ वाजवी असेल, तर न्यायाधीशांनी तोच धरावा. याला ‘शेवरॉन डेफरन्स’ म्हणत. जून २०२४ मध्ये त्याच कोर्टाने तो मोडीत काढला. आता अर्थ न्यायाधीशांनी स्वतः लावायचा.

मेलमध्ये सर्रास दिसणारा घोटाळा म्हणजे ‘आय बेग टू डिफर’ एका एफने लिहिणं. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं ‘माफ करा, मला हे पटत नाही’, आणि लिहून जातो जवळजवळ ‘तुम्ही म्हणाल तसं’. तिथे दोन एफच हवेत. बोलताना फरक आघाताचा: मतभेदाच्या डिफरमध्ये जोर ‘डिफ’वर, आपल्या डिफरमध्ये ‘फर’वर.

स्पेलिंगही या आघातावरच ठरतं. जोर ‘फर’वर असला की ‘डिफर्ड’, ‘डिफरिंग’, ‘डिफरल’ यांत आर दोनदा. डेफरन्समध्ये जोर पुढच्या ‘डेफ’वर सरकतो, म्हणून आर एकदाच. डिफरमेंटला प्रत्यय व्यंजनाने सुरू होतो, तिथेही एकदाच. थोडक्यात, पुढे ढकललेल्या ‘डिफर्ड’ला एक एफ नि दोन आर, मतभेदाच्या ‘डिफर्ड’ला दोन एफ नि एक आर. ‘रेफर्ड’ आणि ‘प्रिफर्ड’ पहिल्याच्या पंगतीत बसतात, ‘ऑफर्ड’ दुसऱ्याच्या.