पोटगी आणि मुलाचा ताबा : ठाण्यात पहिल्या तारखेआधी काय करावं

घटस्फोटाचा निकाल लागायला वर्षं जातात. शाळेची फी तोवर थांबत नाही आणि मुलाचं वयही थांबत नाही. म्हणून ठाण्यात माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते, की मुख्य दाव्याइतकीच मेहनत अंतरिम अर्जावर घ्या. खटला चालू असताना घर कशावर चालेल आणि मूल कुणाजवळ राहील, हे त्या अर्जावरच्या आदेशाने ठरतं.

आधी कोर्ट कुठलं ते बघा

ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली मात्र पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. पत्त्यावर नवी मुंबई लिहिलेलं असलं तरी कोर्ट जिल्ह्याप्रमाणे बदलतं, आणि या गोंधळात लोकांचे महिने जातात. हिंदू विवाह कायद्यात २००३ साली झालेल्या दुरुस्तीमुळे पत्नी सध्या जिथे राहते तिथेही ती दावा लावू शकते. लग्न कोल्हापूरला झालं, संसार पुण्यात झाला आणि आता ती ऐरोलीला भावाकडे असेल, तर तिला ठाणे जिल्ह्यात दाद मागता येते. पालकत्वाच्या कायद्याखाली ताब्याचा स्वतंत्र अर्ज करायचा असेल, तर मूल नेहमी कुठे राहतं ते पाहिलं जातं.

मारहाण किंवा घराबाहेर काढणं असे प्रकार झाले असतील, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली महिलेला दंडाधिकाऱ्यांकडेही जाता येतं. संरक्षण, राहायला जागा, खर्च आणि मुलाचा तात्पुरता ताबा हे सगळं तिथे एकाच अर्जात मागता येतं.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका

महिलांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. पुरुषांनाही ही मदत मिळते, पण त्यांच्यासाठी साधारणपणे उत्पन्नाची मर्यादा असते.

उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र

पोटगीचा अर्ज बहुतेक वेळा इथेच जिंकला किंवा हरला जातो. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवून दिलं, की दोन्ही बाजूंनी आपलं उत्पन्न, खर्च, मालमत्ता आणि कर्ज प्रतिज्ञापत्रावर मांडायचं. त्याचा नमुनाही निकालासोबत दिलेला आहे. पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्रं, बँक खात्याचे उतारे, पीएफ, विमा, घराचा हप्ता, सगळं त्यात येतं.

बसून लिहून काढा : फी, स्कूल बस, क्लास, दूध, औषधं, घरभाडं. पावत्या असतील त्या लावा, नसतील तिथे खरा अंदाज लिहा. आकडा फुगवू नका आणि स्वतःची नोकरी लपवू नका. उलटतपासणीत एक खोटं उघडं पडलं, की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

समोरचा लिहून देतो, ‘मी सध्या बेकार आहे.’ अशा वेळी त्याचं शिक्षण, आधीचा पगार, गाडीचा हप्ता, दुकानाचं भाडं हे कोर्टापुढे आणा. कमावण्याची क्षमताही पाहिली जाते. त्याचा पासवर्ड वापरून खात्यात मात्र डोकावू नका. कागद हजर करण्याचा किंवा त्याच्या कंपनीकडून पगाराचा दाखला मागवण्याचा आदेश कोर्टाकडे मागा.

पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असं याच निकालात म्हटलं आहे. याचा अर्थ, अर्ज करायला तुम्ही लावलेल्या उशिराचे पैसे मिळत नाहीत. ‘बघू, दिवाळीनंतर’ म्हणत काढलेले महिने गेले ते गेलेच.

ताबा आणि भेट

पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं, असं १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आहे. त्यापुढे मुलाचं हित. मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याच्याशी चेंबरमध्ये बोलतात. त्याला उत्तरं पढवून नेऊ नका. ते कळतं, आणि त्या ओझ्याखाली मूल पिचतं.

भेटीचा अर्ज मोघम नको. ‘वडिलांना भेटू द्यावं’ एवढंच लिहिलं तर दर आठवड्याला नवं भांडण होतं. ‘पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी सकाळी दहा ते पाच, मूल तलावपाळीजवळ सोपवायचं, गणपतीचे दोन दिवस, मे महिन्याची अर्धी सुट्टी, बुधवारी व्हिडिओ कॉल’ असं लिहा. आणि माझी कळकळीची विनंती : पोटगी थकली म्हणून भेट अडवू नका, भेट मिळाली नाही म्हणून पोटगी रोखू नका. दोन्हींसाठी वेगळे अर्ज करता येतात.

समुपदेशकाकडे

कौटुंबिक न्यायालय आधी समेटाचा प्रयत्न करतं. विवाह समुपदेशकांपुढे मोकळेपणाने बोला. जोडीदाराची भीती वाटत असेल तर वेगळं बसवायला सांगा. संमतीने वेगळं व्हायचं असेल, तर अर्जाआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. नंतरची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे. तडजोडीत स्वतःची पोटगी सोडायची की नाही, हे तुम्ही ठरवा. मुलाचा हक्क आईने सोडून दिला तरी तो संपत नाही.

आदेश झाला, पैसे आले नाहीत

पोटगीसाठीचं, सर्व धर्मांना लागू असलेलं फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे. त्याखालची रक्कम थकली तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा. कारणाशिवाय पैसे न देणाऱ्याला थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली तरी देणं फिटत नाही. रक्कम रोख घेऊ नका, खात्यातच जमा होऊ द्या. अर्जाला साधा तक्ता जोडा : महिना, ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम, मिळाल्याची तारीख.