जखम किती ओली आहे ते बघा, मग ड्रेसिंग निवडा

जखम झाली की पहिल्यांदा हात कापसाकडे जातो. कापूस जखमेवर ठेवू नका. त्याचे तंतू ओल्या जागेत अडकतात आणि काढताना नव्याने धरलेली त्वचा सोलून आणतात. दुसरी सवय म्हणजे जखम उघडी ठेवून "हवा लागू दे, खपली धरेल" असं म्हणणं. संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगांतून दाखवलं, की पातळ प्लास्टिक फिल्मखाली ओलसर राहिलेल्या उथळ जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने येते. कडेच्या पेशींना सरकत मध्यापर्यंत पोहोचायचं असतं. वर कोरडी खपली असली की त्यांना तिच्या खालून, ओल सापडेल तिथून वाट काढावी लागते. म्हणून ड्रेसिंग निवडताना मुख्य प्रश्न एकच: ही जखम किती ओली आहे?

पण त्याआधी दोन कामं.

रक्त थांबवा. स्वच्छ गॉज किंवा कापड जखमेवर ठेवून १० मिनिटं सलग दाबून धरा. थांबलं का म्हणून मध्येमध्ये उचलून बघितलं, तर धरू लागलेली गुठळी निघते. गॉज भिजला तर त्याच्यावरच दुसरा ठेवा.

धुवा. पिण्यायोग्य वाहतं पाणी किंवा सलाइन (निर्जंतुक मिठाचं पाणी) पुरेसं आहे. माती, खडी निघेपर्यंत धुवा. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट जंतूंबरोबर निरोगी पेशींनाही इजा करतात, ते जखमेत ओतू नका. प्राणी चावला किंवा त्याने ओरबाडलं असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आता जखम नीट बघा. उजेडात, घाई न करता. खोल आहे की वरवरची? कोरडी आहे, ओलसर आहे, की तिच्यातून पाणी गळतंय? तळ लालसर गुलाबी असेल तर भरणं चालू आहे. पिवळट, बुळबुळीत थर असेल तर तो मृत पेशींचा असतो. काळा, कडक थर असेल तर घरी काही लावत बसू नका. विशेषतः टाचेवरचा कोरडा काळा थर ओला करू नये, तो डॉक्टरांनाच दाखवायचा.

मग ड्रेसिंग ठरवा.

साधं खरचटणं किंवा लहान काप असेल तर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि त्यावर न चिकटणारं पॅड असलेली साधी पट्टी चालते. महागडं काही लागत नाही.

पाणी न सुटणाऱ्या उथळ जखमेवर पारदर्शक फिल्म चांगली. आतली जखम दिसत राहते आणि बाहेरचं पाणी आत जात नाही. मात्र फिल्म ओल शोषत नाही. गळणाऱ्या जखमेवर ती लावली, तर कडेची कातडी फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी पांढरी आणि सुरकुतलेली होते. तसं दिसलं की ड्रेसिंग बदला.

थोडं पाणी सुटणारी, स्वच्छ, उथळ जखम किंवा बुटाने टाच घासून सोललेली जागा असेल तर हायड्रोकोलॉइड वापरा. ते ओल शोषून आत जेल बनवतं आणि गळलं नाही तर काही दिवस तसंच ठेवता येतं. काढल्यावर खाली पिवळसर, थोडा वास येणारा चिकट द्रव दिसतो आणि पू झाला असं वाटून अनेकजण घाबरतात. तो ड्रेसिंगचाच जेल असतो. धुऊन मग जखमेकडे बघा. जंतुसंसर्ग झालेल्या जखमेवर मात्र हे लावू नका, ती बंद करून टाकणं धोक्याचं असतं.

भरपूर पाणी सुटत असेल तर फोम (ओल शोषणारं स्पंजसारखं ड्रेसिंग) किंवा अल्जिनेट. अल्जिनेट समुद्री शेवाळापासून बनतं आणि ओल शोषून जेलसारखं होतं. कोरड्या जखमेवर ते ठेवलं तर तिथेच वाळून चिकटतं. उलट, कोरड्या पडलेल्या जखमेला ओल देण्याचं काम हायड्रोजेल करतं. चांदीयुक्त ड्रेसिंग संसर्गासाठी असतात, रोजच्या खरचटण्यासाठी नाहीत. ती डॉक्टरांनी सांगितल्यावरच वापरा.

भाजल्यावर आधी २० मिनिटं थंड वाहतं पाणी. बर्फ नको, टूथपेस्टही नको. फोड फोडू नका, सैलसर न चिकटणारं ड्रेसिंग ठेवा. चेहरा, हात, पाय, सांधे किंवा गुप्तांगावर भाजलं असेल किंवा भाजलेला भाग मोठा असेल, तर झाकून लगेच रुग्णालय गाठा.

लावणं आणि काढणं. ड्रेसिंग जखमेच्या कडेपलीकडे २–३ सेंटीमीटर जाईल एवढं घ्या. भोवतालची कातडी पूर्ण कोरडी करा, नाहीतर चिकटणार नाही. बोटाभोवती चिकटपट्टी घट्ट गुंडाळू नका, सूज आली की ती आवळते. चिकटलेला गॉज ओढू नका. त्यावर सलाइन ओता, थोडा वेळ थांबा, मग सोडवा. फिल्म काढताना एका हाताने कातडी धरा आणि दुसऱ्या हाताने कडा वर न उचलता त्वचेला समांतर ताणा, ती आपोआप सुटते.

वृद्धांची कातडी कागदासारखी पातळ होते. ती फाटून पापुद्रा सुटला असेल तर तो कापू नका. ओल्या गॉजने हळूच जागेवर सरकवा, वर सिलिकॉनचं मऊ ड्रेसिंग लावा आणि त्यावर पेनाने बाण काढा: पापुद्रा जिथे जोडलेला आहे तिथून त्याच्या सुट्या टोकाकडे. पुढच्या वेळी बाणाच्या दिशेनेच ड्रेसिंग काढायचं, म्हणजे पापुद्रा पुन्हा उचकटत नाही. काढणारी व्यक्ती वेगळी असली तरी तिला बाण दिसतो.

घरी थांबू नये अशा जखमा. दाबूनही रक्त न थांबणारी, कडा उघड्या राहणारी, आत काच किंवा लोखंड रुतलेली (रुतलेली वस्तू स्वतः उपटू नका). लाली पसरत असेल, दुखणं वाढत असेल, पू किंवा ताप आला असेल तरीही दाखवा. खोल किंवा मातीने माखलेल्या जखमेत धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवा. पाच वर्षांहून जास्त झाली असतील किंवा आठवत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. आणि मधुमेह असलेल्यांच्या पायाची जखम, कितीही छोटी असो आणि दुखत नसली तरी, त्याच दिवशी दाखवा. नसांची संवेदना कमी झाल्यामुळेच ती दुखत नसण्याची शक्यता असते.