अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेजात नंबर लागेल का?

‘दहावीला ९६ टक्के, सॅट या अमेरिकी प्रवेशपरीक्षेत १६०० पैकी १५४०, हार्वर्डला चान्स किती?’ या प्रश्नाला टक्क्यांत उत्तर देणारा अंदाजपंचे बोलत असतो. २०२४ च्या प्रवेशासाठी हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना होकार गेला, म्हणजे शंभरात चारसुद्धा नाहीत. १५४० वाले त्या ढिगात पुष्कळ असतात. मार्कांमुळे अर्ज नीट वाचला जातो, एवढंच. पुढचं बाकीच्या कागदांवर ठरतं.

आधी पैशाचं बघा. बऱ्याच खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च आता ८५,००० डॉलरच्या पुढे गेला आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ अशी मोजकीच कॉलेजं परदेशी मुलांना निवडताना ‘पैशाची मदत हवी का?’ याचं उत्तर बाजूला ठेवतात. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली की चान्स कमी होतो, आणि जितकी जास्त मागाल तितका तो आणखी कमी. म्हणून काही पालक ‘आत्ता नको म्हणू, पुढच्या वर्षी मागू’ असा हिशेब करतात. तो अंगाशी येतो, कारण प्रवेशाच्या वेळी न मागणाऱ्या परदेशी मुलाला पुढे मदत न देण्याचा नियम बऱ्याच कॉलेजांत आहे. घरातून दरवर्षी किती देता येतील तो आकडा अकरावीतच ठरवा आणि मगच कॉलेजांची यादी करा. अर्ली डिसिजन, म्हणजे लवकर भरायचा अर्ज, एकाच कॉलेजला भरता येतं आणि ते बांधून घेतं: होकार आला की तिथेच जायचं. पैशाचा हिशेब झाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

आपल्या मुलांचं गाडं खरं अडतं ते ज्युनिअर कॉलेजात. चार वर्षांचे गुण लागतात, पण नववी-दहावी एका शाळेत झालेली असते आणि अकरावी-बारावी दुसरीकडे. नववीची गुणपत्रिका हमखास हरवलेली असते. जुन्या शाळेतून सही-शिक्क्याची इंग्रजी प्रत आधीच काढून ठेवा. टक्क्यांचं जीपीए (अमेरिकी पद्धतीची गुणसरासरी) करत बसू नका, गुणपत्रिकेवर आहेत तसेच गुण द्या.

इंटिग्रेटेडवाल्यांची पंचाईत मोठी. हजेरी कॉलेजात, शिकणं क्लासमध्ये, मग शिफारसपत्र देणार कोण? क्लासच्या सरांचं पत्र फार तर जादा म्हणून चालतं. एमआयटीला एक पत्र गणित-विज्ञानाच्या शिक्षकांचं आणि एक भाषा किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांचं हवं असतं. म्हणजे सायन्सच्या मुलाने ज्यांचा तास बुडवला, त्या इंग्रजीच्या किंवा मराठीच्या बाईच इथे लागतात. मराठीतलं पत्र चालवायचं तर सोबत इंग्रजी भाषांतर लागेल. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे उत्तर बऱ्याच ठिकाणी ऐकू येतं. तसं करू नका. ती लबाडी तर आहेच, शिवाय पत्राची आणि निबंधाची भाषा एकसारखी असली की वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. त्याऐवजी शिक्षकांना एक पान द्या: त्यांच्या तासाला घडलेले दोन प्रसंग, तुम्ही केलेला एखादा प्रकल्प आणि पत्राची शेवटची तारीख. कॉलेजात काउन्सेलर (मुलांचा सल्लागार) नसेल तर अर्जातला त्याने भरायचा भाग प्राचार्य किंवा उपप्राचार्य भरतात. त्यासाठी कॉलेजचा ईमेल वापरायला सांगा. खासगी पत्त्यावरून आलेल्या पत्राबद्दल शंका येऊ शकते.

कॉमन अ‍ॅप, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, त्यात उपक्रमांना दहा जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. ‘ढोल-ताशा पथकाचा सदस्य, यातून मला शिस्त शिकायला मिळाली’ या ओळीतून काहीच कळत नाही. ‘तीन वर्षं ताशा, नव्या २५ जणांना हात शिकवले, सरावाचं वेळापत्रक आणि वाद्यदुरुस्तीचा हिशेब माझ्याकडे’ यातून माणूस दिसतो. दहाच्या दहा जागा भरल्याच पाहिजेत असं नाही. पैसे भरून मिळणारी ‘आंतरराष्ट्रीय’ प्रमाणपत्रं तर वगळलेलीच बरी.

कॉमन अ‍ॅपचा मुख्य निबंध ६५० शब्दांपर्यंत. अर्ली अर्जांची तारीख बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, नेहमीच्या अर्जांची जानेवारीच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास. नेमकी त्याच सुमारास बारावीची पूर्वपरीक्षा डोक्यावर असते. त्यामुळे नेहमीच्या अर्जांच्या निबंधांचे कच्चे खर्डे दिवाळीपर्यंत हातावेगळे करा. पूर्वपरीक्षेचे गुणही ‘मिड-इयर रिपोर्ट’मधून (बारावीच्या मधल्या गुणांचा अहवाल) कळवावे लागू शकतात, तेव्हा ती ‘घरचीच परीक्षा’ म्हणून सोडून देता येत नाही. नेहमीच्या अर्जांचे निकाल मार्चअखेरपर्यंत येतात आणि जागा साधारण १ मेपर्यंत पक्की करायची असते. बोर्डाचा निकाल बहुधा त्यानंतर लागतो. गुण फारच घसरले तर कॉलेज दिलेला होकार मागे घेऊ शकतं, म्हणून मार्चनंतरही इथल्या कॉलेजांचे फॉर्म भरत राहा.