मोठा निर्णय कसा घ्यावा आणि घेतल्यावर तो कसा निभवावा

परळ, लालबाग किंवा गिरगावातली दीड-दोनशे चौरस फुटांची खोली विकून विरार-बदलापूरकडे मोठे घर घ्यावे का, हा प्रश्न मुंबईतल्या अनेक मराठी घरांत वर्षानुवर्षे चालू असतो आणि बहुतेक वेळा रात्रीच्या जेवणानंतर अर्धवटच सोडला जातो. त्याचे कारण माहिती कमी पडते हे क्वचितच असते, कारण भाव सर्वांना ठाऊक असतात आणि लोकलच्या वेळा तर पाठच असतात. घोडे अडते ते यामुळे की दोन्हीकडे काहीतरी गमवावे लागणार असते आणि काय गमवायचे हे स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवण्याची कोणाचीच तयारी नसते. पुढील विवेचनात जागेचे उदाहरण धरले आहे. नोकरी सोडणे, बदली स्वीकारणे, शिक्षणाची शाखा निवडणे किंवा आईवडिलांना गावाहून आणणे यांनाही हीच रीत लावता येईल.

आरंभ एका साध्या तपासणीने करावा: हे पाऊल मागे घेता येईल का? खोली अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स कराराने देऊन आपण दुसरीकडे भाड्याने राहिलो, तर करार संपल्यावर परत येता येते. विक्रीखत नोंदवले की तो रस्ता बंद होतो. मागे घेता येणाऱ्या गोष्टींवर महिनोन्महिने खल करू नये, आणि मागे न घेता येणारी गोष्ट कोणी घाई करतो म्हणून उरकू नये. आपल्याकडे नेमके उलटे होते. भाड्याने राहून पाहण्याबद्दल पाहुण्यारावळ्यांपर्यंत वाद जातो आणि ‘गिऱ्हाईक हातचे जाईल’ या धाकाने टोकन मात्र एका संध्याकाळी घेतले जाते.

त्यानंतर कागद घ्यावा. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७२ मध्ये जोसेफ प्रीस्टली या आपल्या शास्त्रज्ञ मित्राला पत्रातून एक पद्धत कळवली होती. कागदाचे दोन उभे भाग करावेत, एका बाजूला अनुकूल आणि दुसऱ्या बाजूला प्रतिकूल कारणे तीन-चार दिवस सुचतील तशी लिहीत जावीत, मग दोन्हीकडची सारख्या वजनाची कारणे खोडावीत आणि जे उरेल ते पाहावे. ही पद्धत एकट्या माणसासाठी उत्तम आहे. कुटुंबासाठी तिच्यात एक भर घालणे मला आवश्यक वाटते: प्रत्येक कारणापुढे ते कोणाच्या वाट्याला येणार आहे त्याचे नाव लिहावे. ‘मुलांना अभ्यासाला वेगळी खोली मिळेल’ यापुढे मुलांचे नाव येईल, ‘परळच्या केईएम रुग्णालयाची ओपीडी लांब पडेल’ यापुढे आजींचे, आणि ‘रोज येऊनजाऊन तीन तास प्रवास’ यापुढे जो फोर्टात नोकरीला आहे त्याचे. एकाचा लाभ दुसऱ्याच्या तोट्याशी परस्पर खोडण्याचा अधिकार कोणालाच नसतो. ज्याच्या नावापुढे तोटा आहे त्याच्याशी आधी बोलावे लागते. घरातले बरेचसे जुने सल याच जागी तयार होतात, कारण ‘सगळ्यांच्या भल्यासाठी’ म्हणून घेतलेल्या निर्णयाची किंमत एकाच व्यक्तीने मोजलेली असते आणि तिला कोणी विचारलेले नसते.

यादी झाली की कागदाच्या तळाशी एक वाक्य लिहावे आणि ते सर्वांसमोर वाचावे: ‘हा निर्णय घेतल्याने आपण अमुक गोष्टी गमावणार आहोत आणि त्या गेल्या तरी आम्ही हाच निर्णय घेत आहोत.’ ‘अमुक’च्या जागी ठोस गोष्टी याव्यात. गणपतीत लालबागला आपले स्वतःचे घर नसेल. चाळीतल्या शेजाऱ्याला रात्री बाराला हाक मारता येणार नाही. जागेचा भाव पुढे दुप्पट झाला तरी ते पैसे आपले नसतील. हे वाक्य वाचताना ज्याचा आवाज अडतो त्याचे म्हणणे अजून ऐकायचे राहिले आहे, असे समजावे. परिणाम स्वीकारण्याची सुरुवात इथून होते, निकाल लागल्यावर नव्हे.

शक्य असेल तिथे राहून पाहावे. रविवारी दुपारी बदलापूरला जाऊन फ्लॅट पाहिल्याने फ्लॅट कळतो, तिथले आयुष्य कळत नाही. स्थानकापासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत ६८ किलोमीटरचे अंतर सकाळी आठच्या गर्दीत, कामाच्या दिवशी आणि जुलैच्या पावसात कापून पाहावे लागते. म्हणून भाड्याचा करार मेअखेरीस करावा, म्हणजे पावसाळा सुरुवातीलाच वाट्याला येतो. आपली खोली त्या काळात लायसन्सवर देताना कराराची नोंदणी करण्यास टाळाटाळ करू नये. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार ती बंधनकारक आहे.

मुदत मात्र स्वतःच घालावी लागते. अकरावीच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत विद्यार्थी कमाल दहा पसंतीक्रम भरतो, अर्जाची तारीख ठरलेली असते आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तो बाहेर पडतो. मोठ्यांच्या निर्णयांना अशी शिस्त लावणारे कोणी नसते, पण वेळेची किंमत असतेच. पगारदाराचे गृहकर्ज निवृत्तीपर्यंत फिटावे, अशी बँकांची सहसा अपेक्षा असते, त्यामुळे चाळिसाव्या वर्षी मिळणारी वीस वर्षांची मुदत पन्नाशीत मिळत नाही. कागदावर तारीख लिहावी, सही करावी आणि त्या तारखेपर्यंत जे माहीत झाले असेल तेवढ्यावर ठरवावे.

निर्णयानंतरचा काळ

हा भाग अधिक कठीण आहे, आणि तो समजण्यासाठी मुंबईच्याच इतिहासाकडे पाहावे. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप लांबत गेला तसे अनेक जण कोकणात आणि घाटावर परतले; काहींनी चाळीतली खोली मिळेल त्या पागडीवर, म्हणजे भाडेहक्क सोडण्याच्या रकमेवर, सोडली. आज त्याच परिसरात टॉवर उभे असताना त्यांची मुले-नातवंडे म्हणतात की बाबांनी सोन्यासारखी जागा कवडीमोलाने घालवली. पण गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने उघडली आणि २००१ मध्ये तो नियम बदलल्यानंतर त्या जमिनींवर बांधकामाने खरा वेग घेतला. १९८३ मध्ये पगार बंद झालेल्या, किराण्याची उधारी थकलेल्या माणसापुढे यांपैकी काहीही नव्हते. त्याच्यापुढे होती ती न उघडणारी गिरणी आणि गावाकडची दोन वेळची भाकरी. त्याचा निर्णय तेवढ्यावरच तोलला पाहिजे, आणि तसा तोलल्यावर त्याला दोष देणे मला सरळसरळ अन्याय वाटते.

मागाहून शहाणपण सुचते तेव्हा ते आधीपासूनच आपल्यापाशी होते, असा भास होतो. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्रज्ञांनी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांना, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ मधल्या चीन आणि सोव्हिएत दौऱ्यांत काय घडण्याची किती शक्यता आहे, हे दौऱ्यांपूर्वी विचारले होते. दौऱ्यांनंतर आपली जुनी उत्तरे आठवायला सांगितली, तेव्हा ज्या गोष्टी घडल्या होत्या त्यांना आपण मुळात दिली होती त्याहून अधिक शक्यता दिली होती, असे त्यांना वाटू लागले. हा अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘मला तेव्हाच वाटले होते’ हे वाक्य म्हणूनच फारसे भरवशाचे नाही. सही केलेला कागद या कामासाठी जपून ठेवावा. पश्चात्तापाने झोप उडेल तेव्हा तो काढून एकच गोष्ट पाहावी: त्या दिवशी जे कळणे शक्य होते ते आपण पाहिले होते का? पाहिले असेल, तर उरते ते दुःख, आणि दुःख मोकळेपणाने करावे. पाहिले नसेल, कोणाचे ऐकले नसेल, तर ती चूक त्या व्यक्तीजवळ नेमक्या शब्दांत मान्य करावी आणि जे भरून देता येते ते द्यावे. आजींची ओपीडी चुकत असेल तर महिन्यातून एकदा सुट्टी टाकून त्यांना घेऊन जाणे हे माफीच्या शब्दांइतकेच आवश्यक आहे.

मात्र आठवडेच्या आठवडे झोप-जेवण सुटले असेल, तर कागद बाजूला ठेवून आधी मदत घ्यावी. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

घेतलेला निर्णय प्रत्यक्षात पेलत नाही, असेही होते. वर्षभर प्रयत्न करूनही प्रवास झेपत नसेल, मुलांचे मन रमत नसेल, तर नवा कागद घ्यावा आणि तारखेसह आजची स्थिती लिहावी: हातात असलेली रक्कम, उरलेले कर्ज, नोकरीचे ठिकाण, आजींची प्रकृती. विकलेल्या खोलीचा आजचा भाव त्यात लिहू नये, कारण त्या पैशातला एक रुपयाही या वेळच्या निर्णयासाठी उपलब्ध नसतो. पर्याय ठाण्यात भाड्याने राहण्याचा असेल, कार्यालय बदलण्याचा असेल किंवा आजींना लहान भावाकडे काही महिने ठेवण्याचा असेल. प्रत्येकापुढे पुन्हा नावे लिहावीत आणि या वेळी ज्याने मागच्या निर्णयाची किंमत मोजली त्याला सर्वांत आधी बोलू द्यावे.