सांगलीत घर पाहताना आधी पाणी पाहावे

नोकरीच्या बदलीमुळे किंवा मुलांच्या शिक्षणासाठी सांगलीत राहायला येणारी मंडळी बहुधा डिसेंबर ते मे या काळात घर पाहतात. त्या दिवसांत कृष्णा शांतपणे वाहत असते आणि प्रत्येक वसाहत राहण्याजोगी वाटते. शहर राहण्यास चांगले आहे की नाही, हे बागा, दुकाने आणि रुंद रस्ते यांवरून ठरवण्याची आपली सवय असली, तरी सांगलीत पहिला प्रश्न घराच्या दारात पाणी कोठून येते आणि कोठून जाते, हाच असावा.

नदीच्या पाण्याचे माप येथे आयर्विन पुलापाशी घेतले जाते. 1929 मध्ये बांधलेल्या या पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी, तर 45 फूट ही धोका पातळी मानली जाते. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांपर्यंत चढले. त्या वेळी बाजारपेठेतील दुकानेच नव्हे, तर नगरवाचनालयाची जुनी ग्रंथसंपदाही भिजली. म्हणून घर पाहायला जाताना दलालाला 'येथे पूर येतो का?' असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर 'छे, इकडे कधीच नाही' असेच येणार. त्याऐवजी शेजारच्या किराणा दुकानदाराला किंवा जुन्या रहिवाशाला 'येथे किती फुटाला पाणी येते?' असे विचारावे. सांगलीकर आपल्या घराची उंची याच भाषेत, म्हणजे पुलापाशी पाणी किती फुटांवर गेले की ते दारात येते, अशी सांगतो आणि ते उत्तर सहसा नेमके असते. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता या सखल भागांत पाणी इशारा पातळीच्या सुमारासच घरांशी येऊन ठेपते. विश्रामबागसारखा भाग मात्र बराच उंचावर आहे. एकाच गल्लीतही चार-पाच फुटांचा फरक पडतो, त्यामुळे केवळ पेठेच्या नावावर विसंबू नये. भिंतीवर 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांच्या खुणा राहिल्या असतील तर त्या स्वतः पाहाव्यात. नव्याने रंग दिलेल्या भिंतीकडे थोड्या संशयाने पाहिले, तरी काही बिघडत नाही.

यानंतर महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पूररेषेचा नकाशा पाहावा. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, तर 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल असते. निळ्या रेषेच्या आतील भाग बांधकामासाठी निषिद्ध आणि दोन रेषांमधला भाग नियंत्रित असतो. आपला प्लॉट या दोहोंच्या संदर्भात कोठे पडतो, हे कळल्याशिवाय बयाणा देऊ नये.

नदीचे पाणी न येणाऱ्या भागातही पावसाचे पाणी मुक्काम करू शकते, आणि माझ्या मते हा त्रास पुरापेक्षा अधिक जाचक असतो, कारण तो दरवर्षी येतो. शामरावनगरसारख्या सखल उपनगरांत काळी माती आहे. ती पाणी लवकर जिरू देत नाही, भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते, त्यामुळे उथळ पाया असलेल्या घरांच्या भिंतींना तडे जातात. शिवाय शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या वसाहतींत रस्ते आणि गटारे यांचा विचार घरे झाल्यानंतर सुरू होतो. अशा जागेसाठी 2001 च्या कायद्यानुसार मिळालेले गुंठेवारी नियमितीकरणाचे प्रमाणपत्र मागावे, जोत्याची उंची रस्त्याच्या तुलनेत मोजावी (रस्ता दर डांबरीकरणाला वर चढतो, जोते मात्र तेथेच राहते) आणि शक्य असल्यास जुलैत एखाद्या मुसळधार पावसानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गल्लीतून चालत जावे. चप्पल हातात घ्यावी लागली, तर पुढची चौकशी करण्याचे कारण उरत नाही.

बाकीच्या गोष्टी तुलनेने सोप्या आहेत. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची महापालिका 1998 पासून एकच असल्याने काम एका गावात आणि घर दुसऱ्यात, असे सहज जमते. घरात वृद्ध असतील तर मिरजेतील रुग्णालयांचे सान्निध्य आणि रेल्वे जंक्शन यांना मोल आहे. कॉलेजला जाणारी मुले असतील तर विलिंग्डन आणि वालचंद महाविद्यालयांमुळे विश्रामबाग सोयीचे पडते. नळाला पाणी किती वाजता येते, घंटागाडी रोज येते का आणि आजींना भाजी आणायला रिक्षा करावी लागते का, एवढे विचारले तरी पुरे.

सर्व कागद मनासारखे जुळले, तरी करार करण्यापूर्वी एकदा समोरच्या घरातील काकूंना 'पाणी वाढायला लागले की तुम्ही सामान कोठे हलवता?' असे विचारावे. त्यांनी 'कशाला हलवायचे?' असे विचारले तर ठीक. त्यांनी माळ्याकडे बोट दाखवले, तर निदान वरच्या मजल्यावरचे घर शोधावे.