नागरी सेवा मुख्य परीक्षा (मेन्स), सामान्य अध्ययन पेपर ३ म्हणजे जीएस ३ : सीसीएस, एनएससी, एनएसए नक्की कसं वाचायचं

नवीन पोरापोरींचा ठरलेला प्रश्न, दादा ते सुरक्षेचं सीसीएस एनएससी डोक्यातच राहत नाही. कसं राहणार, क्लासच्या नोट्समध्ये नुसते चौकोन आणि बाण. तो चार्ट आधी मिटवून ठेवा.

पहिल्यांदा बघा निर्णय कोण घेतं. सीसीएस, म्हणजे मंत्रिमंडळाची सुरक्षाविषयक समिती, पंतप्रधान आणि गृह, संरक्षण, परराष्ट्र, अर्थ हे चार मंत्री. पहलगाम हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानसोबतचा सिंधू पाणीवाटप करार स्थगित करायचं ठरलं ते इथंच. आता एनएससी, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा परिषद, तिच्यातपण जवळपास हीच माणसं बसतात, फक्त तिचं काम लांबचा विचार आणि सल्ला, आणि माणसं तीच म्हटल्यावर परीक्षेत हमखास घोळ होतो. माझ्या मते परिषदेपेक्षा तिचं सचिवालय आणि एनएसए, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार, यांच्यावरच जास्त वेळ घालवा, रोजचा गाडा तेच हाकतात.

बाकी सगळं घटनांच्या ओळीने वाचा. मे १९९८ ला पोखरणची अणुचाचणी, नोव्हेंबरात परिषद, ब्रजेश मिश्रा पहिले एनएसए आणि तेच वाजपेयींचे प्रधान सचिवसुद्धा. मग कारगिल, त्या युद्धाचा आढावा घेणारी सुब्रह्मण्यम समिती म्हणाली एनएसए पूर्णवेळ हवा. त्यानंतरच्या मंत्रिगटाने २००१ मध्ये सीडीएस (तिन्ही सैन्यदलांसाठी एक संरक्षणप्रमुख) सुचवला, पद भरलं थेट १ जानेवारी २०२० ला, एवढ्या उशिरावरच एक अख्खा मेन्सचा प्रश्न होतो बघा! २६/११ तर आपल्या दारातलं, एनएसजी कमांडोंना हरियाणातल्या मानेसरवरून यावं लागलं म्हणून पुढं मुंबईत त्यांचं हब आलं, दहशतवादाचा तपास करणारी एनआयए आली, गुप्त माहिती एकत्र करणारं मल्टी एजन्सी सेंटर आधीपासून होतं पण त्याला जोर तेव्हा मिळाला.

जुन्या झेरॉक्स वापरणाऱ्यांनी एक तपासा, परिषदेला मदत करणाऱ्या स्ट्रॅटेजिक पॉलिसी ग्रुप या सचिव-सेनाप्रमुखांच्या गटाचे अध्यक्ष कॅबिनेट सचिव लिहिलेत का? २०१८ पासून ते अध्यक्षपद एनएसएकडं आहे.

आणि उत्तरात नुसती रचना उतरवू नका, टीका पण पाहिजे. परिषद संसदेच्या कायद्याने आलेली नाही, एनएसए मंत्री नसतो त्यामुळं प्रश्नोत्तराच्या तासाला त्याला उभं करता येत नाही, तरी अण्वस्त्रांचा कारभार बघणाऱ्या अणुकमांडच्या कार्यकारी परिषदेचा अध्यक्ष तोच.